वासोट्याची नोंदवही : नोव्हेंबर २०२४ ते जुलै २०२५

२८ नोव्हेंबर २०२४, सातारा

फाईल हलली एकदाची. ऑक्टोबरच्या मध्यापासून ज्या टेबलावर जावं तिथे एकच उत्तर मिळत होतं, आचारसंहिता. निवडणूक झाली, निकाल लागला, आणि काल संध्याकाळी परवानगीचं पत्र सरांच्या मेलवर येऊन पडलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८, संशोधनासाठी अभयारण्यात प्रवेश. पुढे दीड पान अटी. खणायचं नाही. काही उचलायचं नाही. मुक्काम नाही, उजेड असेपर्यंत बोटीत बसायचं. प्रत्येक गटाबरोबर वनरक्षक हवा. नेलेलं प्लॅस्टिक मोजून परत आणायचं. आणि सापडलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश कुठेही जाहीर करायचे नाहीत.

सर खूश आहेत. मी अर्धीच. पुरातत्त्ववाल्याच्या हातातून कुदळ काढून घेतली तर मागे उरतं काय, डोळे आणि वही.

कामाचं स्वरूप इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढे पोरांना समजावताना माझाच गोंधळ होणार नाही. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी वासोटा घेतला. त्या लढाईच्या खुणा जमिनीवर उरल्यात का आणि उरल्या असतील तर नेमक्या कुठे, एवढंच बघायचंय. किल्ला कोयना अभयारण्यात, म्हणजे २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. म्हणून विद्यापीठ आणि वनविभाग असं दोघांचं काम. आम्ही नकाशे, कागद आणि पोरं आणणार. त्यांच्याकडे जंगल आहे.

३ डिसेंबर, सातारा

पोरांची पहिली बैठक. नऊजण. त्यातले सात आधी ट्रेकला वासोट्यावर जाऊन आलेले आणि सातही जणांनी बाबूकड्यावर फोटो काढलेले. "तिथून समोर काय दिसतं?" विचारलं तर उत्तर आलं, "दरी."

दरीपलीकडे जुना वासोटा, म्हणजे किल्ल्यासमोरचा डोंगर, दिसतो, आणि लढाईची सगळी गोम तिथेच आहे. फेब्रुवारी १८१८ मध्ये साताऱ्याचा किल्ला पडला. त्याच महिन्यात आष्टीला बापू गोखले पडले. पेशवा पळत होता. वासोट्यावर तेव्हा राजघराण्यातली काही माणसं आणि हंटर व मॉरिसन हे दोन तरुण इंग्रज अधिकारी कैदेत होते. जनरल प्रिट्झलरची फौज मार्चअखेरीला कोयनेच्या खोऱ्यात उतरली, खालची ठाणी मागे हटवली आणि जुन्या वासोट्याच्या उंचवट्यावर तोफा चढवल्या. तिथून नव्या किल्ल्यावर कुलपी गोळे, म्हणजे आत दारू भरलेले पोकळ गोळे, पडायला लागल्यावर किल्ला फार तग धरू शकला नाही. एप्रिलचा पहिला आठवडा संपायच्या आत सगळं आटोपलं होतं.

एका पोराने विचारलं, "मग ताई तेलीण कधी?" बरं झालं विचारलंस. ती याच्या साधारण दहा वर्षं आधी. पंतप्रतिनिधींच्या बाजूने तिने हाच किल्ला बापू गोखल्यांविरुद्ध कित्येक महिने लढवला, आणि शेवटी आगीत दाणागोटा जळाला म्हणून हार खाल्ली. बापू गोखल्यांना कासोटा सांभाळायला सांगणारं पद आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पण आमच्या कामाला ती बाई अडचणीची आहे. एकाच जागेवर दहा-अकरा वर्षांच्या अंतराने दोन वेढे, आणि बापूंनीही जुन्या वासोट्यावरूनच मारा केला असं सांगतात. उद्या एखादी गोळी सापडली तर ती कुठल्या वेढ्यातली, कोण सांगणार?

१० डिसेंबर, बामणोली

वनखात्याबरोबर पहिली भेट. आरएफओ (वनक्षेत्रपाल) साहेबांनी चहा पाजला, अटी पुन्हा एकदा वाचून दाखवल्या आणि त्या बीटच्या वनरक्षकाशी ओळख करून दिली. पंचेचाळिशीचा माणूस, बोलणं कमी. मी त्यांना दादा म्हणते, ते मला मॅडम म्हणतात. मी साधी प्रकल्प सहायक आहे हे दोनदा सांगून पाहिलं, उपयोग नाही.

नकाशा पसरून मी सांगत होते की किल्ल्याच्या पायथ्याला चौक्या असणार, त्या शोधायच्यात. दादा म्हणाले, "शोधायचं काय त्यात? तुम्ही बोटीतून उतरता ते मेट इंदवली. मेटच आहे की ते."

मी गप्प. मेट म्हणजे किल्ल्याच्या घेऱ्यातली चौकी, तिथे बसणारे ते मेटकरी. हे मला परीक्षेत लिहिता येतं. गेली दहा वर्षं त्या धक्क्यावर उतरतेय आणि गावाच्या नावात चौकी बसलीय हे डोक्यातच आलं नाही. वहीत नवीन पान काढलं : नावं. दादांनी पंधरा मिनिटांत तेवीस नावं सांगितली. माळ, ओढे, खिंडी, एक पाणवठा. त्यांतली चार कुठल्याच छापील नकाशात नाहीत.

२० डिसेंबर, सातारा

पोरांचा वर्ग घेतला. रणभूमीचं पुरातत्त्व म्हणजे काय हे समजवायला अमेरिकेतलं लिटल बिगहॉर्न घेतलं, कारण विद्यापीठ आणि उद्यान खातं यांनी एकत्र केलेल्या कामाचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

मोंटानातली गवताळ जमीन. २५ जून १८७६ ला कस्टरची तुकडी लकोटा आणि शायान योद्ध्यांनी तिथे कापून काढली. त्यानंतर शंभर वर्षं नुसते वाद. ऑगस्ट १९८३ मध्ये वणवा लागला आणि गवत, झुडपं सगळं जळून जमीन उघडी पडली. राष्ट्रीय उद्यान सेवेचे पुरातत्त्वज्ञ डग्लस स्कॉट आणि विद्यापीठाकडून आलेले रिचर्ड फॉक्स यांनी १९८४ आणि १९८५ असे दोन उन्हाळे स्वयंसेवकांची रांग करून मेटल डिटेक्टरने माळ विंचरला. डिटेक्टर वाजला की झेंडी रोवायची. झेंडी रोवणारा खणणार नाही. खणणारा उचलणार नाही. मोजणी झाल्याशिवाय वस्तू जागची हलणार नाही.

मग काडतुसांची रिकामी पुंगळी सूक्ष्मदर्शकाखाली. प्रत्येक बंदुकीची फायरिंग पिन पुंगळीच्या बुडावर आपला वेगळा ठसा उमटवते. एकाच ठशाच्या पुंगळ्या माळावर जिथे जिथे मिळाल्या त्या जोडल्या, की ती बंदूक कुठून कुठे सरकली ते कळतं. बंदूक धरणारा कोण ते माहीत नाही, पण तो कुठे उभा होता, कुठे पळाला, ते दिसतं. हे सगळं पुंगळीमुळे कळलं असं पोरांना वाटत होतं. पुंगळी कुठे पडली होती ते मोजलं म्हणून कळलं. तीच पुंगळी कुणी खिशात घालून घरी नेली असती तर नुसतं पितळ.

तिथे पुढे १९९१ मध्ये रणभूमींच्या संरक्षणासाठी उद्यान सेवेने स्वतंत्र योजनाच काढली. विद्यापीठांना त्यातून पैसे मिळतात, आणि सैन्यात शिकवतात ती जमीन वाचायची पद्धत वापरली जाते. पाच गोष्टी बघायच्या. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं पोरांच्या लक्षात राहीनात, म्हणून आम्ही आमची पाच केली : मोक्याची जागा, नजर, आडोसा, अडथळा, वाट. एकीने लगेच बोटांवर मोजून पाठ केलं.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आपल्याकडे पुंगळ्या?" नाहीत. १८१८ ची बंदूक चकमकीची, कागदी काडतूस. आपल्याला मिळाली तर शिशाची गोळी मिळेल, कुलपी गोळ्याचा तुकडा मिळेल, नाहीतर बंदुकीची चकमक. विलायती चकमक करडी-काळी, आपल्या सह्याद्रीच्या गारेपेक्षा वेगळी दिसते. असल्या दगडाचा चौकोनी तुकडा दिसला तर थांबा, म्हणून सांगितलं. (हे सांगून चूक केली. ११ जानेवारीची नोंद बघावी.)

११ जानेवारी २०२५, वासोटा

पहिला दिवस. बामणोलीहून सव्वासातला लाँच सुटली, दीड तास पाण्यावर. शिवसागर अजून बराच भरलेला. मेट इंदवलीला नोंद, प्लॅस्टिकची मोजदाद, मग चढ. मारुतीच्या बिनछपराच्या देवळाशी पोचायला साडेअकरा झाले.

निकाल : काही नाही. पानांचा थर घोट्याएवढा. पाचोळ्याखाली हत्ती असता तरी दिसला नसता. तिघांनी "चकमक, चकमक" म्हणून हाका मारल्या. तिन्ही वेळा बाटलीच्या काचा.

बाबूकड्यावर मात्र अर्धा तास चांगला गेला. पोरांना फोटो काढू दिले नाहीत, पाच गोष्टी लिहायला लावल्या. समोरचा जुना वासोटा म्हणजे सरळ सरळ मोक्याची जागा. पण तिथवर तोफा नेणारी वाट कुठली? उखळी तोफेला नेम धरायला समोरचं लक्ष्य दिसावं लागत नाही, गोळा कमानीत जाऊन वरून पडतो. म्हणजे ती तोफ माथ्यावरच असायला हवी असंही नाही, माथ्याआडच्या उतारावरसुद्धा चालेल. हे एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीने काढलं. मी नाही.

१५ जानेवारी, सातारा

मेटल डिटेक्टरचा विषय संपवला. परवानग्यांचा डोंगर आहेच. त्यात इथली जांभ्याची, लोहाने भरलेली माती, यंत्र दर पावलाला खोटं ओरडणार. अभयारण्यात आवाज करत फिरायलाही कुणाची ना नसती असं नाही. डोळ्यांनीच बघायचं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस खाणाऱ्या जमिनीत बिडाच्या तुकड्याची अवस्था काय असेल याचा विचार आज नको.

२८ जानेवारी, बामणोली

आज सगळी गाडी रुळावर आली ती दादांमुळे. पाचोळ्याचं रडगाणं मी पुन्हा गात होते. ते म्हणाले, "मग जाळरेषेवर बघा ना. पुढच्या आठवड्यात काढतोय."

जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून उन्हाळ्याआधी खातं जो पट्टा साफ करतं, गवत-पाचोळा कापून, गोळा करून, देखरेखीखाली जाळून. काही मीटर रुंद, आणि लांबी कितीही. दरवर्षी होतं हे काम. एका खोलीत बसून मी मोंटानाचा वणवा शिकवत होते आणि दुसऱ्या खोलीत जाळरेषेचं अंदाजपत्रक तयार होत होतं. मधे भिंत. आमच्या अर्जात 'जाळरेषा' हा शब्द नाही आणि त्यांच्या आराखड्यात 'किल्ला' हा नाही.

ठरलं : जाळल्यावर राख थंड झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही चालायचं. वनमजूर आणि फायर वॉचरसुद्धा रांगेत.

८ फेब्रुवारी, माचीखालचा पट्टा

चौदाजणांची रांग, दोघांत दोन मीटर. पाऊल, थांब, बघ, पाऊल. दिसलं की झेंडी. पिवळ्या कागदाच्या झेंड्या, बांबूच्या काड्यांवर, काल रात्री जागून केलेल्या.

एकूण एक्केचाळीस झेंड्या. यादी करायला घेतली आणि हसू आवरेना. बाटल्यांची बुचं, टॉर्चचे सेल, साडीपिन, बुटाचा टाच-खिळा, वेफर्सच्या पाकिटाची जळून गोळा झालेली चांदी, दोन रुपयांचं नाणं. ही आमच्या पिढीची चढाई. दोनशे वर्षांनी कुणी यावरून काय लढाई मांडेल देव जाणे.

तेहेतिसावी झेंडी एका वनमजुराने रोवली. तो ओरडला नाही, नुसता बसला आणि हात वर केला. राखेत पांढुरकी, एका बाजूने चेपलेली बोराएवढी गोळी. शिसं जुनं झालं की वर असा पांढरट थर येतो.

आता पंचाईत. अट म्हणते उचलायचं नाही. इथेच ठेवली तर पुढच्या पावसात वाहून जाईल, त्याआधी एखाद्याच्या खिशात जाईल. रेंज नाही. दादा अर्धा तास वर जाऊन फोन लावून आले. आरएफओ साहेबांनी सांगितलं, पंचनामा करा, जागेवर वजन करा, लिफाफ्यात सील करा, ताबा खात्याकडे. वाघनखांचा पंचनामा करतात त्याच छापील कागदावर शिशाच्या गोळीचा पंचनामा झाला. 'प्रजाती' या रकान्यात दादांनी रेघ मारली.

वजन २९.८ ग्रॅम. चेपलेल्या गोळीचा मूळ व्यास वजनावरून काढता येतो. न्यू जर्सीतल्या मॉनमाउथ रणभूमीवर, तेही एक राज्य उद्यानच, तिथल्या स्वयंसेवकांबरोबर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या डॅनियल सिव्हिलिच यांनी ते सूत्र मांडलं. ग्रॅममधल्या वजनाचं घनमूळ, गुणिले ५.६७, उत्तर मिलिमीटरमध्ये. २९.८ चं घनमूळ ३.१. म्हणजे साडेसतरा मिलिमीटरच्या जरा वर. इंग्रजी पायदळाच्या पाऊण इंची नळीच्या बंदुकीत साधारण एवढीच गोळी जायची.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी टाकलं : तसल्या बंदुका पेशव्यांच्या फौजेतही होत्या. आणि तेलीण आहेच.

परतताना लाँचमध्ये कायद्यावर गप्पा. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. आमची गोळी शिशाच्या भावाने दहा रुपयांची भरत नाही. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, त्यात ती बसते. एकाच वस्तूला एक कायदा भंगार समजतो आणि दुसरा ठेवा.

१२ फेब्रुवारी, सातारा

झालं ते लिहिणं भाग आहे. आमच्यातल्या एकाने गोळीची रील टाकली. तीस सेकंद, मागे ढोलताशे, वर जागेची खूण. रात्रीत हजारो लोकांनी बघितली. सकाळी साडेसातला आरएफओ साहेबांचा फोन सरांना आणि सरांचा मला.

पोराचा हेतू वाईट नव्हता. अभिमान वाटला, टाकली. पण दादांनी जानेवारीत मला किल्ल्यावरचे दोन जुने खड्डे दाखवले होते. गुप्तधनवाल्यांचे. रात्री येतात, आता यंत्रं घेऊन येतात, लिंबू-नारळ ठेवून खणतात आणि सोनं नाही म्हणून सगळं उलटंपालटं करून जातात. अक्षांश-रेखांशाची अट त्यांच्यासाठी होती. ती पोरांना वाचून दाखवली होती मी, पण खड्डे दाखवले नव्हते. ते दाखवायला हवे होते.

काम महिनाअखेरीपर्यंत बंद. रील काढली. खातं म्हणालं, तोपर्यंत मदतच करायची असेल तर महाशिवरात्रीला माणसं द्या.

२६ फेब्रुवारी, मेट इंदवली

महाशिवरात्र. नागेश्वराच्या गुहेला जायला पहाटेपासून लाँचमागून लाँच. कोकणातूनही माणसं चढून येतात. आमची नऊ पोरं धक्क्यावर नोंदी करत आणि प्लॅस्टिक मोजत उभी, रीलवाला सगळ्यांत पुढे. शिक्षा म्हणून आलो होतो, पण हंगामातला सगळ्यात कामाचा दिवस हाच ठरला.

दुपारी एक आजी सावलीला टेकल्या. नऊवारी, पायात चप्पल नाही, उपास. गाव इकडचंच, आता पुनर्वसनात गेलेलं. एका पोरीच्या वहीत किल्ल्याचं चित्र बघून त्यांनी विचारलं काय करता म्हणून. तिने सांगितलं. आजी म्हणाल्या, "गोळा व्हय? आमच्या मारुतीपाशी हाय की लोखंडाचा. येताना आम्ही देवासंगं आणला."

१६ मार्च, पुनर्वसनातलं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. साताऱ्यापासून तासाभराच्या अंतरावर पत्र्याच्या शेडमधलं मारुतीचं देऊळ, आणि मारुतीच्या डाव्या पायाशी शेंदराचा एक गोल. लहान नारळाएवढा. होळी नुकतीच झाल्याने देवळासमोर राख तशीच होती.

पाचसहा म्हातारी माणसं जमली. चहा झाला, मग दुसरा चहा झाला, मग विषय. सरांनी हात जोडून विचारलं, मापू का? हात लावायला कुणाची हरकत नव्हती, आंघोळ करून आलात ना एवढंच विचारलं. सुतळी गुंडाळून घेर घेतला. पस्तीस सेंटिमीटर आणि थोडं. म्हणजे व्यास सव्वाअकराच्या आसपास, पण त्यात किती पिढ्यांचा शेंदूर? अर्धा सेंटिमीटर? एक? बारा पौंडी भरीव गोळा याच मापाचा असतो. कुलपी गोळाही या मापाच्या जवळपास मिळतो. फरक वजनात. भरीव असेल तर पाच किलोच्या पुढे जाईल. पोकळ असेल तर बराच हलका, आणि त्याला बत्तीचं भोक असेल, जे शेंदराखाली बुजलेलं.

माझ्या पिशवीत वजनकाटा होता. विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात सर्वांत म्हाताऱ्या बाबांनी तो पिशवीतून डोकावताना पाहिला. "देव तराजूत घालत न्हाईत," ते म्हणाले. रागाने नाही. मी पिशवीची चेन लावली.

माप नाही तर नाही. पण लिटल बिगहॉर्नचा धडा उलटा माझ्यासमोर बसला होता : वस्तू आहे, पूजेची आहे, शंभर वर्षं कुणी हलवली नसती इतकी सुरक्षित आहे, आणि जागा गेलीय. गाव उठलं तेव्हा ट्रकमधून इथे आली. कुठे सापडला होता गोळा, मूळचा? कुणी म्हणालं किल्ल्यावर, कुणी म्हणालं देवानेच दिला. आजी चुलीपाशी होत्या, त्या आतूनच बोलल्या. "माझ्या आजेसासऱ्याला गावला. कड्याखालच्या वढ्यात. म्हशी पाण्यावर न्यायच्या तिथं, उंबराच्या खाली."

बाहेर आल्या, काडी घेतली आणि होळीच्या राखेत ओढा काढून दाखवला. वळण, उंबर, दोन मोठे धोंडे. पोरीने फोटो काढला आणि वहीतही उतरवला. दादा आमच्याबरोबर सुट्टी टाकून आले होते. वाकून बराच वेळ बघत राहिले. "उंबर आता नाही," म्हणाले. "धोंडे आहेत."

निघताना आजींनी प्रत्येकाच्या हातावर भाकरी आणि खर्डा ठेवला.

५ एप्रिल, सातारा

बरोबर दोनशे सात वर्षांपूर्वी याच दिवसांत तिथे गोळे पडत होते. आम्ही मात्र साताऱ्यात. जुन्या वासोट्याकडे जायची परवानगी मागितली होती, नाकारली. त्या अंगाला अस्वलाचा वावर आहे, पिल्लं आहेत. नाकारली ते बरोबरच आहे. लढाई पळून जात नाही.

पण दादांना गस्तीला त्या बाजूला जावंच लागतं. आमचं जीपीएस यंत्र आणि मापाची पट्टी त्यांच्या झोळीत दिली होती. आज त्यांनी आणून दिलं : गस्तीची पूर्ण रेषा, सव्वीस फोटो, प्रत्येक फोटोत पट्टी बरोबर आडवी ठेवलेली. आमच्या एम. ए.च्या पोरांना पट्टी ठेवायची आठवण दहादा करावी लागते.

एका फोटोत माथ्याआडच्या उतारावर जरा सपाट केल्यासारखी जागा आणि कडेला दगडांची रांग. तोफेचा तळ? जुनी नाचणीची पट्टी? गुराख्याचं खोपटं? फोटोवरून काही म्हणता येत नाही. वहीत 'सपाटी १' एवढंच लिहिलं. त्या मुलीचं 'माथ्याआड' बरोबर निघालं तर तिला पार्टी.

२७ एप्रिल, कड्याखालचा ओढा

दादा, मी, दोन मुलं. ओढा कोरडा. धोंडे सापडले, आजींच्या राखेतल्या चित्रासारखेच, एक बसका, एक उभा. तिथून वर कड्याकडे बघितलं की मान मोडते. किल्ल्यावर टाकलेला पण टप्पा चुकलेला गोळा घरंगळत आला तर इथेच येऊन थांबेल. हा आमचा तर्क, आणि तर्क म्हणूनच लिहिलाय.

धोंड्याच्या पोटाशी गाळात तांबूस, खवल्याखवल्यांचा एक चपटा तुकडा दिसला. तळव्याएवढा, किंचित वळलेला. एका बाजूचं वळण आतलं वाटतं. जाडी मोजली. वळणाचा साचा कागदावर घेतला. उचलला नाही. जांभ्याचा पापुद्रासुद्धा असा दिसतो, मी दोनदा फसलेय. चुंबक लावायची इच्छा झाली, पण नेमका तो बोटीत राहिला होता. पुढच्या फेरीत, म्हटलं.

२७ मे, सातारा

पुढची फेरी झालीच नाही. १५ जूनपर्यंत हंगाम धरून चाललो होतो. मे अर्ध्यावर असतानाच पाऊस सुरू झाला आणि काल मॉन्सूनच येऊन ठेपला, इतक्या लवकर कित्येक वर्षांत नाही. ओढा वाहता झाला असं दादांनी कळवलं. लाँच बंद.

फोनवर त्यांनी विचारलं, "तो तुकडा हलला असेल का हो?"

असेल. त्या वेळी उचलला नाही याची रुखरुख आहे, उचलला असता तरी असती.

३० जून, सातारा

अहवाल दिला. चौसष्ट पानं, दोन प्रती. जागांचं परिशिष्ट वेगळ्या बंद पाकिटात, फक्त खात्यासाठी. सरांनी शिफारस लिहिली की दरवर्षी जाळरेषेची तारीख विद्यापीठाला आधी कळवावी. एवढी एक ओळ मान्य झाली तरी पुरे.

त्याच दिवशी कळलं की दादांची बदली झाली. दुसऱ्या रेंजला, दूर. खात्यात बदल्या याच दिवसांत होतात, त्यात नवल काही नाही. नवल माझं, की करारनाम्याच्या अकरा कलमांत हा माणूस कुठेच नाही हे मला आत्ता दिसलं.

१२ जुलै, सातारा

काल युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. आपल्या जिल्ह्यातून प्रतापगड. चौकात पेढे वाटले. वासोटा त्या यादीत नाही, आणि जंगलात असलेल्याला तेही सोयीचंच, असं सर म्हणाले. त्यावर आमचं एकमत झालं नाही.

दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. नवीन वनरक्षक, पोरगेला आवाज. दादांनी चार्ज देताना एक जादा वही दिली म्हणाला, बीटच्या रजिस्टरबरोबर. शंभर पानी, शाळेची. वर लिहिलंय 'जुनं काही'. आत नावं, धोंडे, सपाटी १, तारखा. त्याने सगळी वाचली होती.

"मॅडम, कुलपी गोळा म्हणजे काय ते मी शोधून काढलं," तो म्हणाला. "पण यात ओढा लिहिलाय आणि कड्याखाली तर तीन ओढे आहेत. ह्यातला कुठला?"

मी आजींच्या राखेतल्या चित्राचा फोटो त्याला पाठवला.